रंग आला आणि गेला: हॅलोजन विस्थापनाच्या एका प्रात्यक्षिकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याच प्रयोगशाळेतले आहे. विद्यार्थ्यांची आणि संस्थेची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. बाकी सगळे घडले तसेच लिहिले आहे, माझ्या चुकांसकट.

आवर्तसारणीतला गण १७ (फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन ही हॅलोजन मूलद्रव्ये) शिकवून झाला की आम्ही विस्थापनाचे प्रात्यक्षिक घेतो. क्लोरीनचे पाणी, ब्रोमीनचे पाणी आणि आयोडीनचे द्रावण ही तीन द्रावणे एका बाजूला. पोटॅशिअमची क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड ही तीन लवणे दुसऱ्या बाजूला. प्रत्येक जोडी परीक्षानळीत एकत्र करायची आणि रंग बदलतो का ते पाहायचे. क्लोरीन ब्रोमाइडमधून ब्रोमीन बाहेर काढतो आणि आयोडाइडमधून आयोडीन. ब्रोमीन फक्त आयोडीनला हटवतो. आयोडीन कुणालाच हटवत नाही. म्हणजे गणात वरून खाली जाताना मूलद्रव्याची ऑक्सिडक म्हणून, म्हणजे दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेण्याची, ताकद कमी होत जाते, हा कल विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात.

त्या वेळी वर्गात नऊ गट होते. तयारीत नेहमीपेक्षा दोन गोष्टी वेगळ्या झाल्या होत्या आणि त्यांचे महत्त्व मला नंतर कळले. लवणांची द्रावणे दरवर्षी ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) असत. या वेळी आयोडाइड कमी शिल्लक होते, म्हणून सगळी द्रावणे ०.०१ मोलर केली, मुद्दाम माझ्या सांगण्यावरून. गुणात्मक प्रयोग आहे, एवढ्याने काय बिघडते, असे मला वाटले. दुसरे म्हणजे ताजे क्लोरीनचे पाणी सगळ्यांना पुरेना, तेव्हा दोन गटांना कपाटातली आधीची बाटली दिली गेली.

अडचण

तास संपताना मी फळ्यावरच्या तक्त्यात सगळ्यांचे निकाल भरून घेतले. क्लोरीन आणि ब्रोमाइड या जोडीसाठी सात गटांनी ‘फिकट पिवळा रंग’ लिहिला, दोघांनी ‘बदल नाही’. इथवर ठीक होते. क्लोरीन आणि आयोडाइड या जोडीत मात्र फक्त तीन गटांना तपकिरी रंग मिळाला होता. उरलेल्या सहांनी ‘बदल नाही’ लिहिले होते.

याचा अर्थ असा निघत होता की क्लोरीन ब्रोमीनला हटवू शकतो, पण त्याहून दुबळ्या आयोडीनला नाही. आदल्या दिवशी शिकवलेल्या कलाच्या हे अगदी उलट होते. मागच्या बाकावरून एकाने सरळ विचारले, “मॅडम, मग आम्ही काय लिहायचं? दिसलं ते, की पुस्तकातलं?”

प्रश्न रास्त होता. मी दिलेले उत्तर मात्र आज मला पटत नाही. मी म्हणाले, “निरीक्षण चुकलंय, पुन्हा करून बघा.” दोन जर्नल्समध्ये लाल शाईने ‘निरीक्षण तपासा’ असा शेराही मारला. तेवढ्यात घंटा झाली, मुलांनी नळ्या धुऊन ठेवल्या आणि पुरावा सिंकमधून वाहून गेला. या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो मी विचार न करता घेतला.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी मी चार वाटांचा विचार केला. सर्वांत सोपी वाट म्हणजे अपेक्षित निकालांचा तक्ता फळ्यावर लिहून द्यायचा. अभ्यासक्रम पुढे सरकतो, मुलांचेही नुकसान होत नाही, निदान तसे वाटते. दुसरी, ताजी द्रावणे करून सगळ्यांकडून प्रयोग पुन्हा करून घ्यायचा. तिसरी, आधी मी एकटीने कारण शोधायचे आणि मग वर्गाला सांगायचे. चौथी, कारण शोधण्याचे काम मुलांसोबतच करायचे.

पहिली वाट मी लगेच सोडली. ‘दिसलं ते की पुस्तकातलं’ या प्रश्नाला ते वाईटातले वाईट उत्तर ठरले असते. दुसऱ्या वाटेत धोका असा की द्रावणे ०.१ मोलर केली असती तर निकाल आपोआप ‘बरोबर’ आले असते आणि आधी काय झाले होते ते कधीच कळले नसते. चौथी वाट मला आवडत होती, पण क्लोरीन आणि ब्रोमीन दोन्ही विषारी. काय शोधायचे हे ठाऊक नसताना मुलांना नळ्यांत काहीही मिसळू देणे मला मान्य नव्हते. म्हणून तिसरीने सुरुवात करून चौथीवर जायचे ठरवले.

काय केले

आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी बाटली दाखवली. झाकण उघडले तर वास जवळजवळ नाही. निळा लिटमस बुडवला तर तो लाल झाला आणि लालच राहिला. ताज्या क्लोरीनच्या पाण्यात तो आधी लाल होतो आणि मग पांढरा पडतो, कारण त्यातले हायपोक्लोरस आम्ल रंग उडवते. उजेडात हे आम्ल हळूहळू विघटन पावते, ऑक्सिजन निघून जातो आणि मागे फक्त हायड्रोक्लोरिक आम्ल उरते. जुन्या बाटलीत क्लोरीन उरलाच नव्हता. दोन गटांच्या दोन्ही ‘बदल नाही’ नोंदींचा उलगडा झाला.

इथे मी जवळजवळ थांबले होते. शिळे क्लोरीनचे पाणी हे इतके ओळखीचे आणि पटणारे कारण आहे की सहाही गटांची चूक त्याच्यावर ढकलून मोकळे व्हावेसे वाटले. वर्गात तसे सांगायला सुरुवातही केली. तेव्हा लाल शेरा मिळालेल्या दोघींपैकी एक उभी राहिली. “मॅडम, आमची बाटली नवीन होती. आमच्या ब्रोमाइडला रंग आला ना. आणि आयोडाइडच्या नळीतही रंग आला होता, पण तो लगेच गेला.”

“मग लिहिलं का नाहीस?”

“रकाना एकच होता. शेवटी जे दिसलं ते लिहिलं.”

या वाक्याने सगळा तपास फिरला. जर्नलच्या तक्त्यात मी ‘रंगात बदल: होय किंवा नाही’ एवढाच रकाना दिला होता. रंग येतो आणि जातो, हे लिहायला जागाच नव्हती. उरलेल्या तीन गटांना विचारले तर दोघांना काहीतरी ‘झटकन’ दिसल्याचे आठवत होते. तपकिरी रंग मिळालेल्या तीन गटांची गोष्टही वेगळी निघाली. त्यांच्या वाट्याला मोजायची पिपेट आली नव्हती. त्यांनी ड्रॉपरने थेंब थेंब घातले आणि रंग दिसताच थांबले. बाकीच्यांनी सूचनेप्रमाणे दोन मिली आयोडाइडमध्ये दोन मिली क्लोरीनचे पाणी एकदम ओतले होते. म्हणजे ज्यांनी सूचना तंतोतंत पाळली त्यांनाच ‘चुकीचा’ निकाल मिळाला होता.

पहिली चाचणी वर्गासमोर, फ्यूम हूडमध्ये (विषारी वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) केली. ०.०१ मोलर आयोडाइड दोन मिली घेऊन त्यात ताजे क्लोरीनचे पाणी थेंबाथेंबाने घातले. पहिल्या थेंबाला पिवळसर, तिसऱ्या-चौथ्याला गडद तपकिरी. मग रंग उतरू लागला आणि विसाव्या थेंबाच्या आसपास नळी स्वच्छ झाली. वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही.

दोन आकड्यांचे गुणोत्तर मुलांनीच काढले: साधारण एकास सहा. आयोडाइडच्या दोन आयनांपासून आयोडीनचा एक रेणू बनायला क्लोरीनचा एक रेणू पुरतो. त्या आयोडीनचे पुढे आयोडिक आम्ल व्हायचे असेल तर आणखी पाच लागतात. एक अधिक पाच, सहा. आयोडिक आम्लाला रंग नसतो. गणित जुळत होते, पण तेवढ्यावर सिद्ध झाले असे म्हणता येत नव्हते.

दुसऱ्या चाचणीत मी स्वतः घसरले. रंग गेलेल्या नळीत थोडे आयोडाइड पुन्हा घातले आणि तपकिरी रंग परत आला. मी म्हणाले, “बघा, आयोडेट, म्हणजे आयोडिक आम्लाचा आयन, आहे. आम्लात आयोडेट आणि आयोडाइड एकत्र आले की आयोडीन तयार होतो.” लगेच एक हात वर झाला: नळीत जास्तीचा क्लोरीन उरला असेल तर नव्या आयोडाइडमधून तोही आयोडीन काढणारच ना? अगदी बरोबर. माझी चाचणी या दोन शक्यता वेगळ्या करूच शकत नव्हती. विद्यार्थ्याने शिक्षकाच्या पुराव्यातली फट दाखवावी, याचा मला मनापासून आनंद झाला.

मग चाचणी सुधारली. रंग गेलेले द्रावण फ्यूम हूडमध्ये काही मिनिटे मंद उकळले, म्हणजे उरलेला क्लोरीन निघून जाईल. ओला स्टार्च-आयोडाइड कागद वाफेवर धरला आणि तो निळा होणे थांबेपर्यंत थांबलो. सोबत ब्लँक, म्हणजे तुलनेची नळी, म्हणून नुसते क्लोरीनचे पाणी तसेच उकळले. दोन्ही थंड झाल्यावर थोडे विरल सल्फ्युरिक आम्ल आणि आयोडाइड घातले. ब्लँक रंगहीन राहिला, आमची नळी गडद तपकिरी झाली. स्टार्चचा थेंब टाकताच निळी-काळी.

शेवटी अनुमापन केले, म्हणजे सुटलेला आयोडीन संपवायला थायोसल्फेटचे द्रावण किती लागते ते मोजले, कारण इथे आयोडीन एक सुंदर हिशोब देतो. एका आयोडाइडचे एक आयोडेट होते. ते आयोडेट जादा आयोडाइडबरोबर आयोडीनचे तीन रेणू, म्हणजे सहा अणू देते. मूळच्या एका अणूचे मोजताना सहा होतात. अगदी थोडे आयोडीन मोजायचे असेल तेव्हा रसायनशास्त्रज्ञ हीच युक्ती वापरतात. आम्ही ०.०१ मोलर आयोडाइड पाच मिली घेतले होते. सगळे आयोडीनपाशीच थांबले असते तर ०.०२ मोलर थायोसल्फेट २.५ मिली लागले असते. आयोडेट झाले असेल तर १५ मिली. बुरेटचे वाचन पंधराच्या जवळ आले.

कल मोडला होता का?

या प्रश्नावर आम्ही एक अख्खा तास घालवला आणि तो सर्वांत सार्थकी लागलेला तास होता. फळ्यावर प्रमाण इलेक्ट्रोड विभव लिहिले (आकडा जितका मोठा तितका ऑक्सिडक प्रबळ): फ्लोरीन २.८७ व्होल्ट, क्लोरीन १.३६, ब्रोमीन १.०७, आयोडीन ०.५४. विस्थापनाचा नेहमीचा क्रम यातूनच येतो. त्याखाली आणखी दोन आकडे लिहिले, जे मी या प्रयोगाच्या वेळी कधीच लिहीत नसे: आम्लात आयोडेटपासून आयोडीनकडे सुमारे १.२०, आणि ब्रोमेटपासून (आयोडेटसारखाच ब्रोमीनचा आयन) ब्रोमीनकडे सुमारे १.५.

क्लोरीनचा १.३६ हा आकडा या दोघांच्या मधोमध बसतो. म्हणून क्लोरीन आयोडीनला आयोडेटपर्यंत ढकलू शकतो, पण आम्लयुक्त द्रावणात ब्रोमीनला ब्रोमेटपर्यंत नेऊ शकत नाही. त्यामुळेच सात गटांचा ब्रोमीनचा पिवळा रंग टिकला आणि आयोडीनचा टिकला नाही. यामागे कल तोच आहे. खाली जाताना अणू मोठा होतो, बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातात, आयनीकरण ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) उतरते: फ्लोरीन १६८१ किलोज्यूल प्रति मोल, क्लोरीन १२५१, ब्रोमीन ११४०, आयोडीन १००८. आयोडीन इलेक्ट्रॉन घ्यायला कमी उत्सुक, म्हणूनच ते सोडायला जास्त तयार. एका अणूभोवती सात फ्लोरीन सामावून घेणारा हॅलोजनही आयोडीनच. आम्ही कलाची एक बाजू तपासायला निघालो होतो आणि द्रावण विरल केल्यामुळे दुसऱ्या बाजूला जाऊन पोहोचलो.

एका मुलीने विचारले, पाण्यातून ऑक्सिजनचा आकडा किती? १.२३. म्हणजे क्लोरीन, जमले तर, पाण्याचेही ऑक्सिडीकरण करू शकतो. ते फार सावकाश होते, उजेडात जरा वेगाने. जुन्या बाटलीत हेच झाले होते. दोन प्रकारच्या ‘बदल नाही’ नोंदी, त्यांची दोन वेगळी कारणे, आणि दोन्ही त्याच १.३६ मधून निघालेली. हे मलाही त्या क्षणापर्यंत दिसले नव्हते. फ्लोरीनचे पाणी प्रयोगाला का घेत नाहीत, तेही इथेच उलगडले: २.८७ व्होल्टचा ऑक्सिडक पाण्यात पाण्यालाच सोडत नाही.

‘कल म्हणजे सरळ रेषा’ हा समज मोडायला मी आणखी दोन आकडे दिले. इलेक्ट्रॉन स्वीकारताना बाहेर पडणारी ऊर्जा क्लोरीनची ३४९ किलोज्यूल प्रति मोल, फ्लोरीनची ३२८, म्हणजे वरच्याची कमी. तरी फ्लोरीनच सर्वांत प्रबळ ऑक्सिडक, कारण त्याच्या रेणूतला बंध अवघा १५८ किलोज्यूलचा, क्लोरीनचा २४२, आणि छोट्या फ्लोराइड आयनाला पाणी घट्ट धरून ठेवते.

निष्पत्ती

दोन्ही लाल शेरे मी खोडले आणि शेजारी ‘निरीक्षण बरोबर होते’ असे लिहून सही केली. निष्कर्षात ‘अभिक्रिया झाली नाही’ असे लिहिले होते. तो भाग मुलांनी स्वतः बदलला, कारण चुकला होता तो निष्कर्ष.

तक्ता बदलला. आता ‘आधी’, ‘पहिल्या थेंबांनंतर’, ‘शेवटी’ असे तीन रकाने आहेत आणि घातलेल्या थेंबांचा आकडा लिहायचा आहे. क्लोरीनचे पाणी गडद बाटलीत ठेवतो आणि तास सुरू होण्याआधी लिटमसने तपासतो. आयोडाइड पुन्हा ०.१ मोलर केले, पण एक नळी मुद्दाम ०.०१ मोलर ठेवतो. संहत द्रावणात तेवढ्याच क्लोरीनने आयोडीन इतका सुटतो की तळाशी काळसर कण बसतात. आधीच्या वर्षांत रंग उडताना का दिसला नाही, ते यावरून समजते: तो उडवायला पुरेसा क्लोरीनच नसे.

वेगळे काय करता आले असते

मला सर्वांत जास्त टोचते ते असे. लवणांच्या गुणात्मक विश्लेषणात लेयर टेस्ट (सेंद्रिय द्रावकाच्या थरातला रंग पाहून हॅलोजन ओळखण्याची चाचणी) मी वर्षानुवर्षे शिकवते. ब्रोमाइड आणि आयोडाइड दोन्ही असतील तर सेंद्रिय द्रावकाच्या थरात आधी जांभळा रंग येतो. क्लोरीनचे पाणी घालत राहिले की जांभळा जातो आणि ब्रोमीनचा नारिंगी-तपकिरी दिसू लागतो. ‘जादा क्लोरीनमुळे आयोडीनचे आयोडिक आम्ल होते’ हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहिले आहे. तरी त्या दिवशी ते आठवले नाही, कारण तो ‘दुसरा’ प्रयोग होता. दोन प्रयोग माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होते आणि मुलांच्याही तसेच बसवले गेले असते.

हॅलोजनच्याच कुटुंबात माझ्याहून मोठ्या माणसाची अशीच गोष्ट आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान बालार यांनी १८२६ मध्ये ब्रोमीन जाहीर केला. त्याआधी जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या हातात तोच लाल-तपकिरी द्रव येऊन गेला होता, पण त्यांनी तो आयोडीन क्लोराइड समजून बाजूला ठेवला. ओळखीचे नाव हाताशी असले की माणूस पुढे पाहत नाही. शिळ्या बाटलीच्या बाबतीत माझे तेच झाले.

पुन्हा अशी वेळ आली तर मी तीन गोष्टी वेगळ्या करीन. विसंगत निकाल आला की नळ्या धुवू देणार नाही, चिठ्ठी लावून स्टँडवर ठेवीन. शेरा मारण्याआधी ‘काय घातलं, किती घातलं, कोणत्या क्रमाने’ हे विचारीन. या प्रकरणात तो एक प्रश्न पाच मिनिटांत उत्तरापाशी घेऊन गेला असता. आणि द्रावणाची संहती बदलताना रंग किती फिका होईल एवढेच न पाहता, दोन पदार्थांतले प्रमाण कुठे जाते याचा हिशोब कागदावर मांडीन. दोन मिलीत दोन मिली, पण एक द्रावण दहापट विरल, म्हणजे ऑक्सिडक दहापट जास्त. हे तयारीच्या दिवशीच दिसायला हवे होते.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. रंग उडालेल्या चार गटांपैकी एका गटाने आयोडाइडच्या नळीत ‘शेवटी अगदी फिकट पिवळा, पण बदल नाही’ असे लिहिले होते. तो जास्तीच्या क्लोरीनचा स्वतःचा रंग असेल, आयोडीन आणि क्लोरीनच्या एखाद्या मधल्या संयुगाचा असेल, किंवा पिपेटमधून आलेल्या ब्रोमाइडचाही असेल. ती नळी पहिल्याच दिवशी धुतली गेली.